कॅटलॉगमधे 'नाही' दिसलं की लगेच मोबाईल खाली ठेवू नका

आपल्या खान्देशात जळगावच्या विद्यापीठाच्या लायब्ररीचा ऑनलाइन कॅटलॉग सगळ्यात जास्त कुणी वापरायला पाहिजे तर शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, साक्री इकडच्या पोरांनी, आणि तीच पोरं तो सगळ्यात कमी वापरतात. जळगावातला पोरगा काय, गिरणेचा पूल ओलांडून बांभोरीला टेकडीवर जाईल, पुस्तक नाही मिळालं तर कँटीनला चहा पिऊन संध्याकाळी घरी. नंदुरबारकडच्या मुलीला आधी गावातून एसटीने स्टेशन, मग सुरत-भुसावळ लाइनवरची गाडी धरून जळगाव, तिथून पुन्हा विद्यापीठ, आणि मे महिना असेल तर विचारूच नका. एवढं करून काउंटरवर कळतं की पुस्तक इश्यू झालंय. अहो हे घरी ओट्यावर बसून मोबाईलवर दिसतं. पण आपल्याकडे पद्धत कशी, तर आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कुणाकडे अमुक पुस्तकाची पीडीएफ आहे का' असा मेसेज टाकायचा, त्याच्यावर चार जणांनी 'मला पण हवीय' लिहायचं, आणि विषय संपला.

मी ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवते, ग्रंथपाल नाही, पण लायब्ररीच्या कॅटलॉगमधे शिरून बसायची मला जुनी खोड आहे. माझी भाची शहाद्याला एमए करतेय, प्रोजेक्टसाठी तिने आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आणि कानबाई म्हणजे आपल्याकडची देवी, यांची गाणी घेतलीयेत, आणि तिला हे सगळं फोनवर समजावता समजावता वाटलं की एकदा लिहूनच टाकावं, म्हणजे पुढच्या वेळेला लिंक पाठवून मोकळी.

लायब्ररीच्या ह्या ऑनलाइन कॅटलॉगलाच ओपॅक म्हणतात. तुमच्या विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं सॉफ्टवेअर कोहा असेल नाहीतर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट ह्या यूजीसीच्या लायब्ऱ्यांसाठीच्या संस्थेचं सोल असेल, तोंडावळा थोडा वेगळा पण आतून कारभार तोच. एक सर्चची चौकट, शेजारी कीवर्ड, टायटल, ऑथर, सब्जेक्ट असा पर्याय, आणि खाली निकाल. बरेच जण टायटल निवडून पुस्तकाचं पूर्ण नाव टाकतात, त्यात एक काना इकडचा तिकडे झाला की शून्य रिझल्ट, की लगेच निष्कर्ष 'आपल्या लायब्ररीत काहीच नसतं'. आता गूगल कसं, चुकीचं लिहिलं तरी समजून घेतं, 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का' विचारतं. लायब्ररीचा कॅटलॉग बऱ्याचदा तसं काही करत नाही, तुम्ही जे अक्षर टाकलं तेच तो शोधतो. आणि ते अक्षर कधीकाळी कुणीतरी बसून हाताने टाइप केलेलं असतं, हे डोक्यात ठेवलं की अर्धं काम झालं.

म्हणजे खान्देशच बघा ना. कुणी खानदेश लिहितो कुणी खान्देश, आणि कॅटलॉगसाठी हे दोन वेगळे शब्द. एकाने शोधलं तर दुसऱ्याची पुस्तकं येणार नाहीत. मग बऱ्याच लायब्ऱ्यांमधे मराठी पुस्तकांच्या नोंदी आधी इंग्रजी अक्षरांतच केलेल्या असायच्या, त्यात पुन्हा ज्याला जसं सुचलं तसं स्पेलिंग, अहिराणीला, म्हणजे आपल्या खान्देशी बोलीच्या नावाला, कुठे एक ए कुठे दोन, 'खान्देशचा' मधल्या 'चा' ला कुठे एक ए कुठे दोन. म्हणून देवनागरीत शोधलं, नाही सापडलं, की इंग्रजी अक्षरांत शोधायचं, आणि तेही नाही तर शब्द अर्धाच टाकून पुढे फुली म्हणजे ती स्टारची खूण द्यायची. 'अहिरा' आणि स्टार दिलं की अहिराणी, अहिराणीतील, अहिराणीचे सगळे एकदम येतात. सगळ्याच ठिकाणी स्टार चालतो असं नाही, पण टाकून बघायला पैसे पडत नाहीत.

अजून एक बारीक भानगड आहे जी कुणी सांगत नाही. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द कॉम्प्युटरवर दोन तऱ्हेने टाइप होतो, तो अर्धा 'ऱ' कोणी थेट वेगळ्या अक्षराने काढतो, कोणी साध्या 'र' ला हलंत जोडून त्याच्यापुढे एक न दिसणारी खूण टाकून काढतो. डोळ्यांना दोन्ही सेम, कॅटलॉगला दोन्ही वेगळे. त्यामुळे असले जोडाक्षराचे शब्द सर्चमधे टाकूच नका, नावातला दुसरा एखादा साधा शब्द घ्या. आणि जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधे भरलेली नोंद जर तशीच्या तशी युनिकोडच्या स्क्रीनवर आली असेल तर ती निव्वळ किडामुंगी दिसते, ती शोधून सापडत नसतेच, लेखकाचं नाव इंग्रजीत टाकलं तर कधी कधी ती किडामुंगी समोर येते आणि खालच्या वर्षावरून आणि प्रकाशकावरून ओळखायचं की हेच ते.

लेखकाच्या नावाचंही तसंच, आडनाव आधी. चौधरी, बहिणाबाई असं. नुसतं बहिणाबाई टाकलं तर आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई आणि तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई दोघींची पुस्तकं मिसळून येतात, त्यात आता विद्यापीठालाच बहिणाबाईंचं नाव असल्यामुळे विद्यापीठाचे अहवाल आणि स्मरणिका पण त्याच ढिगाऱ्यात. ऑथरमधे आडनाव टाकलं की गर्दी पांगते.

भाचीचं पहिलं रडगाणं हेच होतं, 'आत्या, आखाजी टाकलं तर काहीच येत नाहीये.' नाहीच येणार गं. पुस्तकाच्या नावात आखाजी असेल तरच येईल ना, आणि आखाजीची गाणी ज्या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात आहेत त्या पुस्तकाचं नाव असणार 'लोकसाहित्य' असलं काहीतरी. कॅटलॉगला पुस्तकाच्या पोटातलं दिसत नाही, फक्त कपाळावरचं दिसतं. म्हणून मी तिला सांगितलं की तुझ्या विषयाला थोडं तरी लागू पडणारं एकच पुस्तक शोध, कुठलंही, आणि त्याची नोंद पूर्ण उघड. खाली सब्जेक्ट म्हणून निळ्या अक्षरात दोन-तीन ओळी असतात, लोकगीते, लोकसाहित्य, किंवा इंग्रजीत 'फोक साँग्ज' मग स्वल्पविराम मग 'मराठी' असं उलटं. त्याच्यावर टिचकी मारायची. ग्रंथपालाने ज्या ज्या पुस्तकाला तो विषय लावलाय ती सगळी रांगेने येतात, त्यांच्या नावात गाणी हा शब्द असो नसो. मला विचाराल तर अख्ख्या कॅटलॉगमधे सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि या ओळींकडे कुणी बघत पण नाही.

आणि कपाटात जाऊन बघतो म्हणाल तर तेही ऐका. आपल्याकडे बऱ्याच लायब्ऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीवर चालतात, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा आणि त्या आकड्याप्रमाणे पुस्तकं कपाटात, १८७६ सालची पद्धत आहे ती, अमेरिकन माणसाने काढलेली. (आपल्या रंगनाथनांनी १९३३ मधे कोलन पद्धत काढली, ती डोक्याला जास्त पटते पण कपाटांवर जास्त टिकली नाही.) तर ड्यूईमधे मराठी साहित्य ८९१.४६ ला, मराठी भाषा ४९१.४६ ला, लोकसाहित्य ३९८ ला, लग्नाच्या चालीरीती ३९२ ला आणि महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ ला. आता अहिराणी लग्नगीतांचं पुस्तक कुठे बसवणार? बोलीचा अभ्यास म्हणून ४९१ ला, कविता म्हणून ८९१ ला, लोकगीतं म्हणून ३९८ ला, कुणी लग्नाचे विधी म्हणून ३९२ ला, सगळंच बरोबर. त्यामुळे एका रॅकसमोर उभं राहून 'आपल्याकडे तीनच पुस्तकं आहेत' म्हणणारा माणूस खरं बोलत असतो, पण त्या रॅकपुरतं.

जिल्ह्याच्या नावाची गंमत तर खास आपली आहे, आणि नंदुरबारवाल्यांनी तर हे लिहूनच ठेवा. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याच्या आधीचं काही हवं असेल तर कॅटलॉगमधे धुळे जिल्हा शोधायला पाहिजे, इंग्रजीत जुनं स्पेलिंग 'धुलिया' असं, शेवटी आय-ए. १९६० च्या आधीचं हवं तर पश्चिम खानदेश. जळगाववाल्यांना पूर्व खानदेश. आणि १९०६ च्या आधी तर जिल्हा एकच होता, त्याचं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर १८८० चं, बारावा खंड, नुसतं 'खानदेश' नावाचं. तळोद्याच्या इतिहासावर काम करणारा पोरगा 'नंदुरबार' टाकून बसला तर त्याला सगळी नव्या काळातलीच पुस्तकं दिसणार आणि त्याला वाटणार आपल्या भागावर कुणी लिहिलंच नाही. तसंच ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याचं भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण. अहिराणीवरचा जुना सरकारी दस्तऐवज म्हणाल तर तो त्यात आहे, १९०७ चा, नवव्या खंडाचा तिसरा भाग, पण त्या भागाच्या नावात अहिराणी नाही, नाव आहे भिल्ल भाषा, त्यात खानदेशी, बंजारी वगैरे. अहिराणी टाकून जन्मभर शोधा, तो हाती लागणार नाही.

आता समजा नोंद सापडली. खाली एक तक्ता असतो, त्यात कॉल नंबर म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा, ॲक्सेशन नंबर म्हणजे त्या एका प्रतीचा स्वतःचा नंबर, कुठल्या सेक्शनला आहे आणि स्टेटस. कॉल नंबर आणि ॲक्सेशन नंबर दोन्हीचा फोटो काढून ठेवायचा, फक्त पुस्तकाचं नाव घेऊन काउंटरला गेलं की तिथला माणूस पुन्हा पहिल्यापासून शोधत बसतो आणि त्याच्या कपाळावर आठ्या. स्टेटस 'अव्हेलेबल' असेल तर छान. 'रेफरन्स' किंवा 'नॉट फॉर लोन' असेल तर पुस्तक तिथेच बसून वाचायचं, घरी मिळणार नाही, म्हणजे त्या दिवशी डबा आणि वही घेऊनच जायचं. 'बाइंडिंग'ला गेलेलं असेल तर विसरा काही महिने. आणि 'चेक्ड आउट' असेल तर शेजारी परत यायची तारीख लिहिलेली असते, इथेच सगळे परत फिरतात, आणि इथेच खरं तर थांबायला पाहिजे.

कारण तिथे बहुतेक ठिकाणी एक बटण असतं, 'प्लेस होल्ड' किंवा 'रिझर्व्ह'. लायब्ररी कार्डाचा नंबर आणि पासवर्ड टाकून लॉगिन करायचं आणि ते दाबायचं. म्हणजे काय होतं, तर ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याला ते सहसा रिन्यू करता येत नाही, आणि त्याने परत आणलं की ते कपाटात न जाता तुमच्या नावाने काउंटरच्या मागे बाजूला ठेवतात, आणि मेसेज किंवा मेल येतो. ठरावीक दिवस ठेवतात, तेवढ्यात नाही गेलात तर पुढच्या नंबरवाल्याला. हे कितीतरी एमए-पीएचडीवाल्यांना माहीतच नसतं. पासवर्डच माहीत नसतो मुळात, ॲडमिशनच्या वेळी कार्डाबरोबर सांगितलेला असतो तो कोण लक्षात ठेवणार, पण काउंटरला फोन केला तर पुन्हा सेट करून देतात. कुठे कुठे ऑनलाइन रिझर्व्हची सोय सुरू केलेलीच नसते, मग साधी मेल टाकायची, नाव, कार्ड नंबर, कॉल नंबर, ॲक्सेशन नंबर, 'हे पुस्तक आलं की माझ्या नावाने ठेवावे ही विनंती', एवढंच. माझा अनुभव असा की लायब्ररीतली माणसं अशा मेलला उलट जास्त तत्परतेने उत्तर देतात, कारण त्यांना असं नेमकं कुणी विचारतच नाही, सगळे येऊन 'सर खान्देशावर काहीतरी द्या ना' म्हणतात.

आता पुस्तक तुमच्या विद्यापीठात नाहीच आहे असं धरू. आपलं विद्यापीठ निघालं १९९० ला. त्याच्याआधी जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती, त्यामुळे खान्देशावरचे त्या काळातले प्रबंध शोधायचे तर पुण्याच्या जयकर ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधे बघावं लागतं, जळगावात शोधून कसे सापडणार. त्यानंतरच्या प्रबंधांसाठी शोधगंगा ही वेबसाइट आहे, इन्फ्लिबनेटचंच, फुकट. यूजीसीने २००९ च्या नियमात प्रबंधाची सॉफ्ट कॉपी द्यायलाच सांगितली, म्हणून तेव्हापासूनचे बरेच तिथे आहेत आणि काही जुनेही स्कॅन करून टाकलेले आहेत. तिथेही तेच, देवनागरीत शोधा मग इंग्रजी अक्षरांत शोधा. आणि प्रबंध सापडला की सगळी प्रकरणं वाचत बसण्याआधी शेवटची संदर्भसूची उघडा. आखाजीवरच्या एका प्रबंधाची संदर्भसूची म्हणजे कुणीतरी चार-पाच वर्षं धुळे-पुणे-मुंबई हिंडून तुमच्यासाठी आयतं वाढलेलं ताट आहे.

कुठल्या विद्यापीठात कुठलं पुस्तक आहे हे एकत्र बघायला इन्फ्लिबनेटचं इंडकॅट आहे, देशभरातल्या विद्यापीठांच्या नोंदी एका ठिकाणी. तिथे सापडलं की ते पुस्तक आपल्याकडे मागवता येतं का हे आपल्या ग्रंथपालांना विचारायचं, इंटर लायब्ररी लोन म्हणतात त्याला, एका लायब्ररीने दुसऱ्या लायब्ररीकडून उसनं आणायचं. दिल्लीचं डेलनेट १९८८ पासून हेच काम करतंय, तुमचं कॉलेज त्याचं मेंबर असेल तर ही विनंती कॉलेजमार्फत जाते, तुम्हाला स्वतः पत्र लिहायची गरज नाही. अख्खं पुस्तक नाही पण एका प्रकरणाची झेरॉक्स किंवा स्कॅन पुरणार असेल तर तेच मागा, ते लवकर येतं, पुस्तक पोस्टाने पाठवायला कुणालाही जिवावर येतं. आणि नेमकी पानं सांगा. 'पान अमुक ते तमुक' लिहिलेल्या विनंतीला नाही म्हणणं अवघड जातं.

आता जरा लांबचं सांगते, पण मला हे फार आवडतं. १९६० च्या दशकात अमेरिकेचा गहू आपल्याकडे यायचा पीएल ४८० नावाच्या तिकडच्या कायद्यातून, जुन्या लोकांना आठवत असेल. त्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत द्यायचे, आणि त्यातल्या काही रुपयांतून अमेरिकेने काय केलं तर भारतातली पुस्तकं विकत घेतली, मराठी सुद्धा, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीच्या ऑफिसमार्फत, आणि तिकडच्या शिकागोसारख्या विद्यापीठांना वाटली. त्यामुळे आपल्याकडे कुठल्या वाचनालयात वाळवी लागून गेलेलं एखादं मराठी पुस्तक शिकागोला एसीत बसलेलं असू शकतं. वर्ल्डकॅट ह्या जगभरातल्या लायब्ऱ्यांच्या एकत्र कॅटलॉगवर हे दिसतं. फक्त तिकडची स्पेलिंगची पद्धत निराळी, ते शब्दाच्या मधला आणि शेवटचा 'अ' सोडत नाहीत आणि 'श' साठी एस नंतर एच लावत नाहीत, एसच्या डोक्यावर एक रेघ देतात. म्हणजे खानदेशचं स्पेलिंग के-एच-ए-एन-ए-डी-ई-एस-ए. लोकगीत म्हणजे एल-ओ-के-ए-जी-आय-टी-ए. रेघा-टिंबं तुम्ही नाही दिली तरी चालतं. पुस्तक तिकडून येणार नाही हे उघड आहे, पण बरोबर नाव, वर्ष, प्रकाशक, पानं कळतात, आणि तेवढं हातात असलं की इकडे शोधणं सोपं होतं, भाचीने एका पुस्तकाचं वर्ष असंच पक्कं केलं.

एवढं करूनही जे सापडत नाही ते बऱ्याचदा कॅटलॉगमधे नसतंच. मासिकांतले आणि दिवाळी अंकांतले लेख बहुतेक मराठी कॅटलॉगमधे वेगवेगळे नोंदवलेले नसतात, अंकाची नुसती एक ओळ असते, त्यासाठी पिरिऑडिकल सेक्शनला जाऊन बाउंड व्हॉल्यूम चाळायलाच लागतात. हस्तलिखितांचं, जुन्या कागदांचं जगच वेगळं. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ चं, तिथे जायचं असेल तर आधी फोन करून काय बघायचंय ते सांगून, कॉलेजचं पत्र घेऊन जा, मोबाईलवर सर्च करून तिथलं बाड समोर येईल ही अपेक्षा नको.

आणि राहिली अहिराणीतली खरी पुस्तकं. ती लेखकाने स्वतः छापलेली असतात, पाचशे प्रती, प्रकाशन गावातल्याच मंगल कार्यालयात. १९५४ चा कायदा आहे की प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या आणखी तिघांना पाठवायची, पण साक्रीकडच्या निवृत्त मास्तरांना हे कोण सांगणार. त्यामुळे ते पुस्तक कुठल्याच कॅटलॉगमधे येत नाही, आणि मास्तर मात्र आपल्यापासून दोन स्टॉपवर राहतात. अशा पुस्तकाच्या मागच्या पानावर लेखकाचा मोबाईल नंबर असतो. सरळ फोन लावा, ते आनंदाने पाठवतात, बऱ्याचदा एसटीच्या पार्सलने, पैसे घ्यायलाही कांकू करतात, ते मात्र द्या. भाचीला असंच कानबाईच्या गाण्यांचं एक पुस्तक मिळालं, आणि मी तिला लगेच विद्यापीठाच्या लायब्ररीचा पत्ता देऊन म्हटलं की लेखकांना सांग, दोन प्रती इकडेही पाठवा म्हणावं, नोंद करून घेतील. लेखकांनी विचारलं की नोंदीत नाव अहिराणीतलं लिहायचं का मराठीतलं. मी म्हटलं दोन्ही लिहायला सांगा, आणि सब्जेक्टमधे आखाजी पण टाकायला सांगा.